इंजिनातील इथेनॉल : दहनाचे प्रतिमान कसे मांडावे

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून घरोघरी आणि गॅरेजांत एक वाद चालू आहे : गाडीचे ॲव्हरेज खरोखर कमी होते का? एक पक्ष म्हणतो, ‘इथेनॉलमध्ये ताकदच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, तेव्हा इंजिन उलट चांगले चालते.’ दोन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. या लेखात मला वाद ज्या साधनाने सुटू शकतो, ते साधन मराठीतून मांडून दाखवायचे आहे. ते साधन म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या इंजिनातील दहनाचे गणिती प्रतिमान. मी सीमाभागात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आकडेमोडीची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती ‘हे उत्तर कोणत्या अटींवर खरे आहे’ हे वाक्यात मांडताना. म्हणून हा पाठ यंत्राचा आहे, तितकाच भाषेचाही आहे.

विषय आपल्या दाराशी आहे. भारतात पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली काही राज्यांत सुरू झाला. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, ‘ई२०’ म्हणजे वीस टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या ऊसपट्ट्यात इथेनॉल मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनते. इतरत्र मका आणि तुकडा तांदूळही वापरतात. आमच्याकडे ऊस कारखान्याला घालणारा आणि मोटारसायकलमध्ये ई२० भरणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू एकाच घरात असल्यावर हिशेब नीट कळणे ही चैन राहत नाही.

प्रतिमान म्हणजे काय?

‘मॉडेल’ म्हटले की प्रदर्शनातली लाकडी प्रतिकृती आठवते. इथे तो अर्थ नाही. खऱ्या वस्तूच्या वागण्यापैकी आपल्या प्रश्नाला लागणारा तेवढा भाग समीकरणांत पकडायचा आणि बाकीचा जाणूनबुजून सोडायचा, याला मी प्रतिमान म्हणतो. त्यात तीन प्रकारचे आकडे असतात : मोजलेले, जुळवलेले आणि गृहीत धरलेले. मोजलेला आकडा प्रयोगशाळेतून येतो. जुळवलेला आकडा प्रतिमानाचे उत्तर प्रत्यक्ष इंजिनाशी मिळावे म्हणून आपण बसवतो. गृहीत धरलेल्या आकड्यामागे फक्त आपला अंदाज असतो. प्रतिमान वाचणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की यातला कोणता आकडा कोणत्या प्रकारचा आहे.

पेट्रोलचे प्रतिमान तयार असताना इंधनाच्या नावाच्या जागी ‘इथेनॉल’ लिहून, फक्त उष्णतेचा आकडा बदलून भागेल, असे प्रथम वाटते. तसे भागत नाही. इथेनॉल म्हणजे पाणी घातलेले, कमी ताकदीचे पेट्रोल नव्हे. त्याचे किमान चार गुण वेगळे आहेत आणि ते प्रतिमानात चार वेगवेगळ्या ठिकाणी शिरतात. ती ठिकाणे क्रमाने पाहू.

पहिले ठिकाण : हवेचा आणि उष्णतेचा हिशेब

इथेनॉलच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अणू असतो. पूर्ण दहनाचे समीकरण सोपे आहे : इथेनॉलचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे तीन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि पाण्याचे तीन रेणू होतात. वजनात सांगायचे तर ४६ ग्रॅम इथेनॉलला ९६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून ९६ ग्रॅमसाठी सुमारे ४१४ ग्रॅम हवा हवी. ४१४ ला ४६ ने भागले की ९ येतात. म्हणजे एक किलो इथेनॉल पूर्ण जाळायला ९ किलो हवा लागते. पेट्रोलला सुमारे १४.७ किलो लागते. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून बाहेरून कमी घ्यावा लागतो. शिदोरी बरोबर असलेल्या प्रवाशासारखे हे आहे.

आता उष्णता. एक किलो पेट्रोल जळून सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता देते, एक किलो इथेनॉल सुमारे २६.८. पंपावर इंधन लिटरने मिळते, म्हणून घनता धरायला हवी. पेट्रोलचा एक लिटर साधारण ०.७४५ किलोचा आणि इथेनॉलचा ०.७८९ किलोचा. गुणाकार केला तर लिटरमागे पेट्रोल सुमारे ३२ आणि इथेनॉल सुमारे २१.१ मेगाज्यूल देते. म्हणजे लिटरमागे इथेनॉल जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. पेट्रोल हे अनेक पदार्थांचे मिश्रण असल्याने त्याचे आकडे थोडे हलतात. मी गोल आकडे घेतले आहेत.

ई२० चा एक लिटर म्हणजे ०.८ लिटर पेट्रोल आणि ०.२ लिटर इथेनॉल : २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ही घट ६.८ टक्के आहे. पण ई२० येण्यापूर्वी आपल्या टाकीत शुद्ध पेट्रोल नव्हते, ई१० होते. ई१० च्या लिटरमध्ये ३०.९ मेगाज्यूल असतात, म्हणून त्याच्या तुलनेत घट ३.५ टक्केच आहे. वादातले निम्मे आकडे ‘कशाच्या तुलनेत’ हे न सांगितल्यामुळे एकमेकांशी भांडतात.

आता ‘ताकदच नाही’ हे विधान तपासू. इंजिन एका वेळी किती इंधन जाळू शकते हे त्याने किती हवा आत घेतली यावर ठरते. म्हणून खरी तुलना हवेच्या किलोमागे करायला हवी. पेट्रोल : ४३ भागिले १४.७, म्हणजे २.९३ मेगाज्यूल. इथेनॉल : २६.८ भागिले ९, म्हणजे २.९८. दोन्ही जवळजवळ सारखे, इथेनॉल किंचित वरच. सिलिंडरमधली ताकद कमी होत नाही, टाकी लवकर रिकामी होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बोलताना आपण त्यांना एकच शब्द वापरतो.

याच हिशेबातून जुन्या गाड्यांची अडचणही दिसते. ई२० मध्ये इथेनॉलचा वजनी वाटा सुमारे २१ टक्के असतो, म्हणून त्याच्या किलोला सुमारे १३.५ किलो हवा पुरते. सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी धुराड्यातला ऑक्सिजन पाहून इंधन वाढवते. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने इंधन देत राहतो. मिश्रणात आठ-नऊ टक्के हवा जादा होते, ज्योत मंदावते, आणि गाडी सुरू होताना कुरकुरते किंवा धक्के देते.

दुसरे ठिकाण : बाष्पीभवनाचा गारवा

हातावर स्पिरिट ओतले की गार लागते. इंजिनातही तेच होते. एक किलो इथेनॉलचे बाष्प व्हायला सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला सुमारे ३५०. इथेही हवेच्या किलोमागे पाहू : इथेनॉल १००, पेट्रोल सुमारे २४ किलोज्यूल. गारवा चौपट आहे.

ही सगळी उष्णता मिश्रणातूनच घेतली गेली असे गृहीत धरले, तर पेट्रोलचे मिश्रण साधारण २० अंश सेल्सिअसने थंड होईल आणि इथेनॉलचे ८० अंशांच्या आसपास. पण हा आकडा वरची मर्यादा आहे. झडपेच्या तोंडाशी इंधन फवारणाऱ्या इंजिनात बरीचशी उष्णता तापलेल्या झडपेकडून आणि भिंतीकडून येते, हवेकडून नाही. शिवाय मिश्रण फार थंड झाले तर उरलेले इथेनॉल बाष्प न होता थेंबांतच राहते. म्हणून ‘उष्णतेचा किती भाग हवेतून घेतला’ हा प्रतिमानात जुळवलेला आकडा असतो, आणि तो इंजिनागणिक बदलतो.

या गुणाची दुसरी बाजू ब्राझीलने अनुभवली. तिथे १९७५ साली अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ साली केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. अशा गाड्यांत थंडीच्या सकाळी इंजिन सुरू करण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवावी लागे. गार इंजिनात शुद्ध इथेनॉलचे पुरेसे बाष्पच होत नाही.

तिसरे ठिकाण : ज्योतीचा वेग

स्थिर मिश्रणात, वातावरणाच्या दाबाला आणि साध्या तापमानाला इथेनॉलची ज्योत सेकंदाला चाळीस सेंटिमीटरहून थोड्या अधिक वेगाने सरकते, पेट्रोलची त्याहून काहीशी कमी. आता इंजिनाकडे पाहा. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात. दहन साधारण ५० अंशांच्या फिरण्यात संपते असे धरले, तर त्याला २.८ मिलिसेकंद मिळतात. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आणि स्पार्क प्लग मधोमध असेल, तर ज्योतीने ४ सेंटिमीटर जायचे आहे. त्यासाठी सेकंदाला सुमारे १४ मीटर वेग हवा. चाळीस सेंटिमीटरच्या वेगाने तेवढे अंतर जायला १०० मिलिसेकंद लागले असते, तेवढ्यात क्रँक पाच वेळा फिरला असता.

मधला फरक तीन गोष्टी भरून काढतात. दाबलेले मिश्रण आधीच तापलेले असते. जळालेला वायू फुगून ज्योतीला पुढे ढकलतो. आणि सर्वात महत्त्वाचे, आत शिरताना हवा इतकी घुसळली जाते की ज्योतीला असंख्य सुरकुत्या पडून तिचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. या घुसळणीला शास्त्रीय मराठीत ‘प्रक्षुब्धता’ म्हणतात. इंजिनाचा वेग वाढला की घुसळणही वाढते, म्हणून अंशांत मोजलेला दहनकाळ फारसा बदलत नाही. हे नसते तर जलद फिरणारी इंजिने बनलीच नसती.

साध्या प्रतिमानात हा सगळा गुंता एका सूत्रात बसवतात. ते सोव्हिएत अभियंता इव्हान व्हीबे यांच्या नावाने ओळखले जाते. दहन सुरू झाल्यापासून क्रँक किती अंश फिरला, भागिले दहनाचा एकूण कोन, याला ‘य’ म्हणा. ‘य’ चा घन करा, त्याला ५ ने गुणा, आलेल्या संख्येइतका ऋण घातांक २.७१८ या संख्येला द्या आणि उत्तर १ मधून वजा करा. आलेला अपूर्णांक म्हणजे जळून गेलेला भाग. ‘य’ पाव असताना साडेसात टक्के जळते, अर्धा असताना ४६.५ टक्के, पाऊण असताना ८८ टक्के. सुरुवात हळू, मध्ये धाव, शेवट पुन्हा हळू : शेकोटी पेटताना दिसणारा हाच क्रम आहे.

यातून काय कळते ते उदाहरणाने पाहू. पिस्टन सर्वात वर पोहोचून गेल्यावर साधारण ८ ते १० अंशांवर अर्धे इंधन जळालेले असावे, तेव्हा काम सर्वाधिक मिळते, हा इंजिनवाल्यांचा अनुभवसिद्ध नियम आहे. सूत्रानुसार अर्धे इंधन ‘य’ ०.५२ असताना जळते. दहन ५० अंशांचे असेल आणि ते पिस्टन वर पोहोचण्याच्या १८ अंश आधी सुरू झाले, तर अर्धा टप्पा ८ अंशांवर येतो. आता समजा, इथेनॉलमुळे दहन ४५ अंशांतच संपले. सुरुवात तीच ठेवली, तर अर्धा टप्पा सुमारे ५ अंशांवर, म्हणजे लवकर येईल. तो जागेवर आणायला दहनाची सुरुवात सुमारे अडीच अंश उशिरा करावी लागेल. इंधन बदलून ठिणगीची वेळ तीच ठेवली, तर इंधनाचा गुण वाया जातो.

पण इथे ४५ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. व्हीबेचे सूत्र तो आकडा सांगत नाही, तो सूत्राला द्यावा लागतो. पेट्रोलवर जुळवलेला कोन इथेनॉलला वापरला, तर प्रतिमान पेट्रोलचेच उत्तर इथेनॉलच्या नावाने देईल. भाकीत करायचे असेल तर एक पायरी पुढे जाऊन सिलिंडरचे जळालेला आणि न जळालेला असे दोन भाग धरावे लागतात आणि ज्योतीचा वेग इंधनाच्या मोजलेल्या गुणांवरून काढावा लागतो. त्याहीपुढे रसायनशास्त्राची सविस्तर प्रतिमाने आहेत. इथेनॉलसाठी मरिनोव्ह यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात ५७ पदार्थ आणि ३८३ अभिक्रिया आहेत. वर दिलेले एका ओळीचे समीकरण फक्त आरंभ आणि शेवट सांगते.

चौथे ठिकाण : इंजिनाचे ठोकणे

ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले दाबलेले मिश्रण आपोआप पेटले, की इंजिन ठोकते. त्याचे प्रतिमान घागरीसारखे आहे. दर क्षणी त्या मिश्रणाचा दाब आणि तापमान पाहायचे, तशाच स्थितीत ते आपोआप पेटायला किती वेळ घेईल तो विलंब काढायचा, आणि गेलेला क्षण भागिले तो विलंब, इतके थेंब घागरीत टाकायचे. बेरीज १ झाली की घागर भरली, ठोका पडला. ज्योत त्याआधी पोहोचली तर काही होत नाही. ही पद्धत लिव्हेनगूड आणि वू यांनी १९५५ साली मांडली आणि आजही वापरात आहे.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे, आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ९१ च्या आसपास. ऑक्टेन जास्त म्हणजे विलंब जास्त, घागर सावकाश भरते. शिवाय गारव्यामुळे मिश्रणाचे तापमान कमी, म्हणून घागर आणखी सावकाश भरते. मात्र हा ऑक्टेन अंक ज्या चाचणी-इंजिनात मोजतात, तिथेही इथेनॉल बाष्प होताना गारवा करतेच, त्यामुळे त्या १०८ मध्ये गारव्याचा काही वाटा आधीच मिसळलेला असतो. प्रतिमानात ऑक्टेनही पूर्ण धरला आणि गारवाही पूर्ण धरला, तर एकच गुण दोनदा मोजला जातो आणि इंजिन कागदावर आहे त्याहून बरे दिसते. जमाखर्चात एकच पावती दोन ठिकाणी लावण्यासारखी ही चूक आहे, आणि ती पटकन दिसत नाही.

ठोकण्याची भीती कमी झाली की इंजिन बनवणारा संपीडन गुणोत्तर वाढवू शकतो, आणि त्यातून कार्यक्षमता वाढते. ‘ऑक्टेन जास्त, म्हणून चांगले’ या वाक्याची अट इथे सापडते : इंजिन त्या ऑक्टेनसाठी बनवलेले किंवा निदान जुळवलेले असेल तरच. जुन्या इंजिनाला जादा ऑक्टेनचा उपयोग थोडाच.

हिशेब आणि अहवाल

नीती आयोगाच्या जून २०२१ मधील अहवालात ई२० मुळे होणाऱ्या घटीचे अंदाज दिले होते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. आपला लिटरचा हिशेब ६.८ आणि ३.५ असा आला होता. शेवटचा आकडा त्याहून कमी आहे, म्हणजे जुळवणीमुळे घटीचा काही भाग परत मिळतो, हे आपल्या चौथ्या ठिकाणाशी सुसंगत आहे. सुसंगती म्हणजे सिद्धता नव्हे, हेही इथेच लिहून ठेवू. आणि रबरी नळ्या, सील, टाकीचा गंज यांबद्दल दहनाचे प्रतिमान काहीच सांगत नाही, कारण ते प्रश्न त्यात घातलेलेच नाहीत. या लेखातल्या आकड्यांवरून कोणी त्याविषयी निष्कर्ष काढू नये.

शब्दांविषयी थोडेसे

हा विषय शिकवताना मी पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर हे शब्द तसेच ठेवतो. गॅरेजमधला मिस्त्री तेच वापरतो आणि ते आता मराठीच आहेत. पण ‘दहन’, ‘विलंब’, ‘संपीडन’, ‘गृहीत’, ‘जुळवणी’ यांचा आग्रह धरतो, कारण ते विचाराचे शब्द आहेत. ‘गृहीत’ आणि ‘मोजलेले’ यांतला भेद ज्याला स्वतःच्या भाषेत करता येतो, त्याला कोणाच्याही आकड्यांनी सहज दबवता येत नाही. मराठी वाक्यरचनाही इथे मदतीला येते. ‘जर–तर’, ‘जितके–तितके’, ‘असेल तरच’ या जोड्या अटी मांडण्यासाठीच आहेत. वैज्ञानिक मराठी अवघड होते ती बहुधा संस्कृत शब्दांमुळे नव्हे, तर या जोड्या गाळल्यामुळे.

वर्गासाठी

शिक्षकांनी हा पाठ दोन तासांत घ्यावा. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांनी ई२७ साठी लिटरमागची उष्णता आणि लागणारी हवा काढावी. ब्राझीलमध्ये २०१५ पासून काही वर्षे हेच मिश्रण चालत होते. दुसऱ्या तासाला व्हीबेच्या सूत्राने जळालेल्या भागाचा आलेख काढावा आणि दहनाचा कोन ५० वरून ४५ केल्यास वक्र कसा सरकतो ते पाहावे. शेवटी प्रत्येकाने ‘ई२० ने ॲव्हरेज कमी होते’ हे वाक्य पुन्हा लिहावे, मात्र त्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत : कोणत्या इंधनाच्या तुलनेत, कोणत्या प्रकारच्या गाडीत, आणि आकडा मोजलेला की हिशेबाने काढलेला. वाक्य लांब होईल, होऊ द्यावे.